मदरबोर्डवरील रिकामी जागा : विस्तार-स्लॉट, सोल्डरिंग आणि वर्ध्याची यंत्रदृष्टी

१. प्रस्तावना

जुना संगणक दुरुस्तीसाठी उघडला असता त्याच्या मदरबोर्डवर अनेकदा एक गोष्ट नजरेस पडते. ओळीने पाडलेली बारीक छिद्रे असतात, प्रत्येक छिद्राभोवती धातूचे कडे असते, शेजारी पांढऱ्या शाईने स्लॉटचे नावही छापलेले असते. परंतु त्या नावाचा स्लॉट मात्र तेथे नसतो. घर बांधताना भिंतीत दरवाजाची चौकट सोडावी आणि घरमालकाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी ती विटांनी बुजवून टाकावी, तसा हा प्रकार आहे. काही हौशी तंत्रज्ञ अशा जागी बाजारातून आणलेला किंवा भंगारातील बोर्डावरून उतरवलेला स्लॉट स्वतःच्या हाताने सोल्डर करतात. काही वेळा तो उत्तम चालतो, काही वेळा चालत नाही.

वरवर पाहता ही एक किरकोळ कारागिरी आहे. तथापि तिच्यामागे यंत्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. विकत घेतलेल्या यंत्रात पुढे कोणती भर घालता यावी, हे कोणी ठरवायचे : निर्मात्याने की वापरणाऱ्याने? संगणकाच्या संदर्भात हा प्रश्न गेल्या पाच दशकांचा आहे. साध्या यंत्रांच्या संदर्भात मात्र तो वर्धा जिल्ह्यात १९३० च्या दशकातच अत्यंत गांभीर्याने हाताळला गेला होता. म्हणूनच या दोन इतिहासांचा एकत्र विचार करणे उद्बोधक ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : विस्तार-स्लॉटचा उगम व ऱ्हास यांचा मागोवा घेणे, गाळलेला स्लॉट पुन्हा बसविण्याच्या कामाचे तांत्रिक स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे, आणि वर्ध्यात विकसित झालेल्या यंत्रविषयक निकषांच्या आधारे या कामाचे मूल्यमापन करणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. विस्तार-स्लॉटचा उगम

वैयक्तिक संगणकाच्या जन्मकाळी सोल्डरिंग हा मालकीचाच एक भाग होता. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाने ‘अल्टेअर ८८००’ या संगणकाची ओळख करून दिली. हा संगणक प्रामुख्याने सुट्या घटकांच्या संचाच्या रूपाने विकला गेला. रोधक, धारक, चिप आणि जोडण्या ग्राहकाने स्वतः बोर्डावर बसवून सोल्डर करावयाच्या होत्या. त्याच्या शंभर पिनांच्या बसमुळे इतर लहान उत्पादकांनाही त्याच्यासाठी कार्डे बनविता आली आणि ही रचना ‘एस-१००’ या नावाने रूढ झाली. आपल्या यंत्राचा प्रत्येक सांधा आपल्या हाताखालून गेलेला आहे, अशी त्या काळातील संगणकमालकाची स्थिती होती.

१९७७ च्या ‘ॲपल टू’मध्ये आठ स्लॉट होते. स्टीव्ह जॉब्स यांच्या मते दोन स्लॉट पुरेसे होते. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी आठांचा आग्रह धरला आणि तो टिकला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात ६२ संपर्कांचे पाच स्लॉट होते. कंपनीने तांत्रिक माहितीपुस्तिकेत मंडलांच्या आकृत्याही प्रसिद्ध केल्या. १९८४ च्या ‘एटी’ प्रतिरूपात ३६ संपर्कांची भर पडून स्लॉट १६ बिटांचा झाला. पुढे ‘आयएसए’ या नावाने ओळखली गेलेली हीच ती रचना होय.

या खुल्या रचनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या यंत्राचा उपयोग कोण, कोठे व कशासाठी करील हे निर्मात्यास पूर्णपणे ठाऊक असू शकत नाही. स्लॉट ही या अज्ञानाची प्रामाणिक कबुली होती. निर्मात्याला न सुचलेल्या गरजेसाठी राखून ठेवलेली जागा, अशी त्याची व्याख्या करता येईल.

४. स्लॉटमधून आलेली देवनागरी

या व्याख्येचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. १९८० च्या दशकातील आयबीएम पद्धतीचा संगणक रोमन लिपी गृहीत धरून घडविलेला होता. पडद्यावरील अक्षरांची जागा ठराविक रुंदीची होती. मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांना त्या मांडणीत स्थान नव्हते. भारतीय लिप्यांसाठीचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आयआयटी, कानपूर येथे आकारास आले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेमार्फत त्याचा पुढील विकास व प्रसार झाला. त्याचे एक प्रमुख रूप म्हणजे संगणकाच्या विस्तार-स्लॉटमध्ये बसणारे ‘जिस्ट कार्ड’. हे कार्ड बसविल्यानंतर डॉस प्रणालीवर चालणाऱ्या, मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या मजकूरप्रधान प्रोग्रॅममध्येही देवनागरी व इतर भारतीय लिप्यांतून काम करता येऊ लागले. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिपींसाठीची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली.

परदेशातील निर्मात्याने मराठीचा विचार केलेला नव्हता. तथापि विचार न केलेल्या गोष्टीसाठी जागा मात्र ठेवली होती. त्या संगणकात स्लॉट नसते, तर देवनागरीसाठी वेगळ्या यंत्राची किंवा निर्मात्याच्या मर्जीची वाट पाहावी लागली असती. स्लॉट ही केवळ खेळासाठी वा चित्रांसाठी असलेली चैनीची सोय आहे, हा समज या एका उदाहरणाने दूर होण्यास हरकत नाही.

५. स्लॉट का गाळला गेला?

खुल्या रचनेचा त्याग करण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १९८४ च्या मूळ मॅकिंटॉशमध्ये विस्तार-स्लॉट नव्हताच आणि त्याचे कवच उघडण्यासाठी लांब दांड्याचा विशिष्ट पेचकस लागत असे. १९८७ मध्ये आयबीएमने ‘मायक्रो चॅनेल’ ही परवान्याने बांधलेली नवी बस आणली. तिला उत्तर म्हणून १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी ‘ईआयएसए’ ही रचना जाहीर केली. १९९२ मध्ये इंटेलची ‘पीसीआय’, १९९७ मध्ये चित्रकार्डासाठीचा ‘एजीपी’ आणि २००४ पासून बाजारात आलेली ‘पीसीआय एक्स्प्रेस’ अशी पुढील वाटचाल झाली.

याच काळात संगणकाची किंमत झपाट्याने उतरली आणि उत्पादकांमधील स्पर्धा तीव्र झाली. वेगवेगळ्या प्रतिरूपांसाठी वेगवेगळे बोर्ड आखण्यापेक्षा एकच बोर्ड आखून त्यावरील काही घटक काही प्रतिरूपांत न बसविणे अधिक स्वस्त पडते. छिद्रे पाडलेली राहतात, तांब्याच्या वाटा कोरलेल्या राहतात; स्लॉट तेवढा वगळला जातो. त्यातून काही रुपयांची बचत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वस्त व महाग प्रतिरूपांमध्ये ग्राहकाला जाणवेल असा भेद निर्माण होतो. त्यामुळे रिकाम्या जागेमागे तांत्रिक अडचण असेलच असे नाही. पुष्कळदा तो बाजारपेठेने घेतलेला निर्णय असतो.

मात्र प्रत्येक रिकामी जागा अशीच असते, असे मानणेही चुकीचे ठरेल. इंटेलच्या २००२ मधील ८४५ मालिकेतील ‘८४५जी’ या चिपसंचात एजीपी स्लॉटची सोय होती, तर ‘८४५जीएल’ व ‘८४५जीव्ही’ या स्वस्त चिपसंचांत ती दिलेली नव्हती. २००३ मधील ‘८६५जी’ आणि ‘८६५जीव्ही’ यांच्यातही हाच भेद होता. अशा मालिकेतील चिपसंचांसाठी समाईक बोर्ड आखल्यास स्वस्त प्रतिरूपात छिद्रे असतात, पण त्यांच्यामागे अधिकृतरीत्या उपलब्ध असा मार्ग नसतो. चौकट दिसते, पलीकडे खोली नसते. हा फरक चिपसंचाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कळत नाही.

६. सोल्डरिंगचे स्वरूप

स्लॉट बसविण्याचे काम दोन टप्प्यांचे आहे. पहिला टप्पा वाचनाचा. मदरबोर्डवर कोणता चिपसंच आहे, त्याच उत्पादकाच्या वरच्या प्रतिरूपात तोच बोर्ड स्लॉटसह विकला गेला होता काय आणि रिकाम्या स्लॉटभोवती आणखी कोणते घटक गाळले आहेत, हे तपासावे लागते. जुन्या आयएसए स्लॉटच्या बाबतीत काम तुलनेने सोपे असते. कारण सर्व स्लॉटना बहुतांश संकेतवाहिन्या समाईक असतात. पीसीआयमध्ये प्रत्येक स्लॉटला बस मागण्याची व मिळण्याची स्वतंत्र जोडणी आणि स्वतंत्र घड्याळ-संकेत लागतो. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये १०० मेगाहर्ट्‌झचा संदर्भ-संकेत, मदरबोर्डकडून कार्डाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाहिनीवरील सूक्ष्म धारक आणि ३.३ व १२ व्होल्टचा पुरवठा या सर्वांची पूर्तता असावी लागते. स्लॉट बसविला पण तांदळाच्या कणीहून लहान असे धारक बसविले नाहीत, तर कार्डाची ओळखच पटत नाही. याखेरीज बायोसमध्ये तो मार्ग बंद ठेवलेला असेल, तर सोल्डरिंग निर्दोष असूनही उपयोग होत नाही.

दुसरा टप्पा हाताचा. कारखान्यात बोर्डाची खालची बाजू वितळलेल्या धातूच्या लाटेवरून जाते, तेव्हा रिकामी छिद्रेही सोल्डरने बुजण्याची शक्यता असते. ती तांब्याच्या जाळीदार पट्टीने किंवा शोषक पंपाने मोकळी करावी लागतात. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध घातल्यानंतर रूढ झालेले कथील, चांदी व तांबे यांचे मिश्रण सुमारे २१७ अंशांपुढे वितळते. अनेक थरांच्या बोर्डात भूसंपर्काची छिद्रे आतील तांब्याच्या पत्र्याला जोडलेली असतात आणि तो पत्रा सगळी उष्णता शोषून घेतो. इस्त्री फार वेळ टेकवली तर छिद्राभोवतीचे कडे उखडते; कमी वेळ टेकवली तर सांधा वरून चकचकीत पण आतून पोकळ राहतो. पूर्ण लांबीच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटला १६४ संपर्क असतात आणि त्यांपैकी शेजारशेजारच्या दोघांचा एकमेकांस स्पर्श होता कामा नये. म्हणून वीजपुरवठा देण्यापूर्वी मापकाने लघुमंडल तपासणे अनिवार्य ठरते. शिसे हाताळल्यानंतर हात धुणे आणि धुरासाठी खिडकी उघडी ठेवणे, हाही या शिस्तीचाच भाग होय.

ही विद्या मराठी मुलखाला परकी नाही. भांड्याला डाग देणारा कारागीर आणि नवसागर टाकून कथिलाचा हात फिरवणारा कल्हईवाला यांना पृष्ठभाग स्वच्छ केल्याशिवाय धातू धरत नाही, हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. सोल्डरिंगमधील फ्लक्सचे कार्य आणि कल्हईतील नवसागराचे कार्य एकाच जातीचे आहे. दोन्ही पदार्थ धातूवरील ऑक्साइडचा थर दूर करतात.

७. वर्ध्याची यंत्रदृष्टी

वर्धा जिल्ह्याचे नाव यंत्रविरोधाशी जोडण्याची प्रथा आहे. ती इतिहासाला धरून नाही. महात्मा गांधींनी १९२४ मध्येच शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले होते. यंत्र माणसाच्या अंगचे कौशल्य वाढवते की खुंटवते, हा त्यांचा प्रश्न होता. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी आजही अभ्यासण्याजोग्या आहेत. यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, वेळोवेळी निगा राखल्यास ते किमान वीस वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये, असे त्यांत नमूद होते. किर्लोस्करवाडीहून आलेल्या यंत्रासह कोणत्याही यंत्राला हे पारितोषिक मिळाले नाही. पारितोषिकाची रक्कम प्रचंड असूनही दुरुस्ती व टिकाऊपणाचे निकष सैल करण्यात आले नाहीत, हे येथे महत्त्वाचे आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली तेलघाणी, कागद, मधुमक्षिकापालन आदी उद्योगांवर प्रयोग झाले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हे त्यांपैकी एक फलित. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. पारंपरिक चरख्यावर एका चातीवर सूत निघते. प्रभुदास गांधी यांनी घडविलेला ‘मगन चरखा’ पायाने चालत असल्याने दोन्ही हात मोकळे राहून दोन चात्यांवर सूत काढता येई. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांनी सुटसुटीत ‘धनुष तकली’ सिद्ध केली. उपलब्ध यंत्राची रचना उमजून घेणे आणि वापरणाऱ्याच्या गरजेनुसार तिच्यात भर घालणे, ही मगनवाडी व सेवाग्राम येथील कार्यपद्धती होती. चरख्याला दुसरी चाती जोडणे आणि बोर्डाला गाळलेला स्लॉट जोडणे यांत साधनांचे अंतर फार मोठे असले, तरी वृत्ती सारखीच आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. हस्तोद्योग यांत्रिकपणे न शिकवता प्रत्येक क्रियेचे ‘का’ आणि ‘कसे’ विद्यार्थ्याला उमगले पाहिजे, हा तिचा गाभा होता. रिकाम्या छिद्रांत स्लॉट बसविण्यापूर्वी चिपसंचाची माहिती वाचणारा तंत्रज्ञ नकळत हीच पद्धती अनुसरत असतो. केवळ छिद्रे दिसली म्हणून इस्त्री तापविणारा मात्र ‘कसे’ जाणतो, ‘का’ जाणत नाही.

८. बाजू बदललेली सोल्डर

गेल्या दोन दशकांत एक लक्षणीय उलथापालथ झाली आहे. १९७५ मध्ये सोल्डर हे मालकाच्या हातातील यंत्र उघडे ठेवण्याचे साधन होते. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये स्मृतिघटक थेट बोर्डावर सोल्डर केलेले होते आणि पुढे अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ही रीत पसरली. जाडी कमी होणे, वीज वाचणे आणि संकेतमार्ग आखूड राहणे हे तिचे खरे तांत्रिक लाभ आहेत. ते नाकारता येणार नाहीत. तथापि स्मृती अपुरी पडली की अवघा संगणकच निकालात निघतो, हा त्या लाभांचा मोबदला आहे. ज्या सोल्डरने यंत्र उघडले, त्याच सोल्डरने ते आता बंद होत आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य संपुष्टात आले आणि सुस्थितीतील असंख्य संगणक एका तारखेमुळे ‘जुने’ ठरले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकाराची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. कायदा दुरुस्तीचा अधिकार देऊ शकतो. दुरुस्तीचे कसब मात्र प्रयोगशाळेतच मिळवावे लागते. संगणक-साक्षरता म्हणजे पडद्यावरील खिडक्या उघडणे एवढाच अर्थ रूढ झाला, तर यंत्राचे कवच उघडण्याची भीती पुढील पिढीत कायम राहील.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, विस्तार-स्लॉट ही निर्मात्याला न सुचलेल्या गरजांसाठी राखलेली जागा आहे. मराठीचा डॉसच्या संगणकातील प्रवेश हा तिचा आपल्याच भाषेतील पुरावा होय. दुसरा, मदरबोर्डवरील रिकामी छिद्रे हे उत्पादन व विपणन यांच्या इतिहासाचे दस्तऐवज आहेत. जुने बोर्ड भंगारात जाण्यापूर्वी त्या दृष्टीनेही वाचले जावेत. तिसरा, गाळलेला स्लॉट सोल्डर करणे सर्वत्र शक्य अथवा किफायतशीर नाही. १९२९ च्या पारितोषिकातील पाच टक्क्यांची अट लावली, तर अशा अनेक दुरुस्त्या हिशेबात बसणार नाहीत, आणि आधुनिक बोर्डाच्या बाबतीत अपयशाची किंमत म्हणजे अख्खा बोर्ड असू शकते. परंतु शिक्षणातील लाभ त्याच हिशेबाने मोजता येत नाही. निर्लेखित झालेला एक बोर्ड, एक स्लॉट आणि एक मापक एवढ्या साहित्यावर पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, अर्थशास्त्र आणि तंत्रज्ञानाचा इतिहास या चार विषयांचा पाठ एकत्र देता येतो. नई तालीमची घोषणा ज्या गावात झाली, त्या वर्ध्यातील महाविद्यालयांना तरी असा पाठ अनोळखी वाटू नये.